वेबपान शिकणाऱ्याचे पहिले हत्यार



सुताराच्या हाताखाली नवा उमेदवार आला की सुतार त्याच्या हाती काय देतो, हे तुम्ही पाहिले असेल. दुकानात विजेवर चालणारा रंधा असला तरी पहिल्या दिवशी तो मिळत नाही. आधी करवत मिळते, हातरंधा मिळतो, आणि लाकडाचा एक तुकडा पुढे टाकून सुतार म्हणतो, "हा सरळ कर बघू." पोरगा काही दिवस नुसते लाकूड घाशीत बसतो. त्याला वाटते, आपला वेळ फुकट चालला. पण त्या दिवसांत लाकडाचे रेषे कोणत्या अंगाने गेले आहेत, रंधा कुठे अडतो आणि का अडतो, हे त्याच्या हाताला कळून येते. पुढे विजेचा रंधा हाती आला तरी मग त्याला भीती राहत नाही.

आज शाळाशाळांतून कॉम्प्युटर आले आहेत. आठवी-नववीची मुले विचारतात, "सर, वेबपान कसे तयार करतात? आपल्याला येईल का?" गावातला एखादा तरुण म्हणतो, आपल्या गावाची माहिती इंटरनेटवर ठेवावी. शिक्षकांची शिकवायची तयारी असते. अडते ते पहिल्याच पायरीवर. साधन कोणते घ्यावे? शोधू गेल्यास पन्नास नावे पुढे येतात आणि जो तो म्हणतो, माझेच सर्वांत सोपे! तेव्हा वेबपान शिकू लागणाऱ्याने साधन कसे निवडावे, याचा आज आपण विचार करू. आठवड्याला एखादा तास आणि एका कॉम्प्युटरमागे पाच-सहा मुले, अशी जिथे स्थिती आहे तिथे निवड चुकली तर सबंध वर्ष वाया जाते. म्हणून हा विचार आधी करावा.

पहिल्याने वेबपान म्हणजे काय ते पाहू. वेबपान ही मुळात अक्षरांची एक साधी फाइल असते. त्या अक्षरांच्या मध्ये काही खुणा केलेल्या असतात. आपण हस्तलिखित छापखान्यात देताना समासात लिहितो ना, 'हे मोठ्या अक्षरात', 'इथे नवा परिच्छेद'? त्याच जातीच्या या खुणा. खूण लिहिताना कोनाकार कंसात इंग्रजी अक्षरे घालतात. परिच्छेद सुरू करायचा असेल तर कंसात 'पी' लिहावयाचे, मग आपला मजकूर, आणि शेवटी पुन्हा कंसात 'पी'. मात्र या वेळी त्याच्या आधी एक तिरपी रेघ. ही रेघ म्हणजे 'संपले' अशी खूण. मोठ्या मथळ्याला 'एच' आणि एकचा आकडा. दुसऱ्या पानावर नेणाऱ्या दुव्याला 'ए'. या खुणांच्या लिपीला एचटीएमएल म्हणतात. ब्राउझर, म्हणजे ज्यातून आपण इंटरनेट पाहतो तो क्रोम किंवा फायरफॉक्स, या खुणा वाचतो आणि त्यांप्रमाणे पान मांडून दाखवतो.

ही पद्धत काढली टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थांनी. स्वित्झर्लंडमध्ये जिनीव्हाजवळ सर्न नावाची अणुकणांचा अभ्यास करणारी संस्था आहे. तेथे ते काम करीत. निरनिराळ्या देशांतून येणाऱ्या शास्त्रज्ञांचे कागदपत्र एकमेकांना जोडता यावेत, म्हणून त्यांनी १९८९ च्या मार्चमध्ये एक योजना मांडली, आणि १९९१ साली ती जगापुढे आली. त्यांच्या सुरुवातीच्या यादीत सगळ्या मिळून १८ खुणा होत्या. आज ती संख्या शंभरावर गेली आहे. पण मथळा, परिच्छेद, यादी, दुवा, चित्र आणि तक्ता एवढ्यांच्या खुणा आल्या की शाळेचे किंवा गावाचे नीटनेटके पान तयार होते. म्हणजे दहा-पंधरा खुणांचा सगळा प्रश्न! ज्या मुलाला इंग्रजी फारसे येत नाही, त्यालाही एवढ्या खुणा भिंतीवरच्या तक्त्यावरून पाठ करता येतील.

आता साधनांकडे वळू. वेबपान तयार करण्याची साधने ढोबळमानाने तीन प्रकारची असतात.

पहिला प्रकार साध्या अक्षरलेखनाचा. विंडोजमध्ये नोटपॅड असते. १९८५ साली विंडोज पहिल्यांदा निघाले तेव्हापासून ते त्यात आहे. लिनक्सवर त्याच जातीचा टेक्स्ट एडिटर असतो. जी कळ दाबाल ते अक्षर त्यात उमटते. आपल्या मनाने ते काही घालीत नाही.

दुसरा प्रकार तयार सांगाड्यांचा. मथळा उचला, इथे ठेवा. चित्र ओढा, तिथे सोडा. पान डोळ्यांदेखत तयार होते, आणि खुणा आत कुठेतरी आपोआप लिहिल्या जातात.

तिसरा प्रकार अगदी अलीकडचा. 'मला माझ्या गावाचे असे असे पान हवे' असे साध्या भाषेत सांगावे, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यंत्राने ते सबंध लिहून द्यावे.

आता कोणी विचारील, तिसऱ्या प्रकारात अर्ध्या मिनिटात पान मिळते, दुसऱ्यात अर्ध्या तासात मिळते, मग पहिल्यात आठवडेच्या आठवडे कशाला घालवायचे? प्रश्न रास्त आहे. उद्या ग्रामसभेची सूचना इंटरनेटवर लावावयाची असेल, तर खुशाल तयार साधन घ्या. तिथे काम उरकणे महत्त्वाचे आहे. पण मुलाला शिकवायचे असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पान तयार होणे हे दुय्यम, आणि पान कसे तयार होते हे मुलाला समजणे हे मुख्य. गणिताच्या तासाला उत्तर हवे म्हणून आपण मुलांना पहिलीपासून कॅल्क्युलेटर देत नाही, तोच विचार इथे लावावा.

म्हणून साधन पारखताना पाच प्रश्न विचारा. ते वहीत टिपून ठेवले तर बरे.

पहिला प्रश्न: मुलाने जे लिहिले ते सगळे त्याला दिसते का? पान बिघडले तर कुठे बिघडले हे शोधता आले पाहिजे. साध्या अक्षरलेखनात सबंध पान वर-खाली वाचता येते. चूक त्यातच कुठेतरी असते. तयार सांगाड्यात बिघाड आत दडलेला असतो आणि मूल हताश होऊन पुन्हा पहिल्यापासून ओढाओढ करू लागते. याच कारणासाठी पत्रे लिहिण्याचे वर्डसारखे साधनही इथे उपयोगी नाही. ते अक्षरांबरोबर जाडी, रंग, समास अशी पुष्कळ न दिसणारी माहिती फाइलीत भरते, आणि सरळ अवतरणचिन्हांची वाकडी अवतरणचिन्हे करून टाकते. खुणांमध्ये सरळच लागतात; वाकडी आली की दुवा चालत नाही आणि कारण लवकर सापडत नाही. नव्या नोटपॅडातही सजावटीच्या काही सोयी आल्या आहेत; त्यांना हात लावू नये.

दुसरा प्रश्न: इंटरनेट नसताना आणि जुन्या कॉम्प्युटरवर ते चालते का? आपल्याकडे तासाच्या ऐन वेळी रेंज जाते, हे मी तुम्हांला सांगावयास नको. जी साधने ब्राउझरमध्येच, दूरच्या कॉम्प्युटरवर चालतात, ती त्या दिवशी बंद. नोटपॅडात लिहिलेले पान मात्र आपल्याच कॉम्प्युटरवरच्या फोल्डरमध्ये असते. त्या फाइलीवर दोनदा टिचकी मारली की ते ब्राउझरमध्ये उघडते. त्याला इंटरनेट लागत नाही. पहिले काही महिने तर इंटरनेटची गरजच पडत नाही.

तिसरा प्रश्न: त्याला पैसे किती, आणि कधी? पुष्कळ सेवा आरंभी फुकट असतात. मग पाने वाढली की, किंवा त्यांची जाहिरात काढावयाची म्हटले की, महिन्याची वर्गणी मागतात. मूल रुळल्यावर वर्गणी द्यावी लागली तर शाळेने काय करावे? घेण्यापूर्वीच हे वाचून पाहावे.

चौथा प्रश्न: मराठी नीट चालते का? हा प्रश्न आपल्या लोकांनी विशेष विचारला पाहिजे. एके काळी मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. तो फॉन्ट ज्याच्याकडे नाही, त्याला सगळा मजकूर गचाळ चिन्हांचा दिसे. पुढे युनिकोड आले. जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला त्यात स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे, आणि १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी आहे. तेव्हा मराठी युनिकोडमध्येच लिहावे, फाइल साठवताना 'यूटीएफ-आठ' ही पद्धत निवडावी, आणि पानाच्या डोक्यात तशी नोंद करणारी खूण घालावी. साधन पारखण्यासाठी त्यात 'ज्ञानेश्वर', 'वाङ्मय', 'तऱ्हा', 'श्रद्धा' असे चार शब्द लिहून पाहा. जोडाक्षरे फुटली, किंवा शब्दाच्या मध्ये जाऊन एक अक्षर खोडताना गोंधळ झाला, तर ते साधन मराठी मुलाच्या उपयोगाचे नाही.

पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. साधन उद्या बंद पडले, तर मुलाचे काम त्याच्या हाती राहील का?

हे बंद पडणे काल्पनिक नाही. जिओसिटीज नावाची एक सेवा १९९४ साली निघाली होती. साध्या माणसांना तिथे फुकट पान ठेवता येई. जगभरच्या लाखो लोकांनी आपल्या छंदांची, कुटुंबांची, गावांची पाने तिथे उभी केली. पुढे ती याहू कंपनीने विकत घेतली, आणि २००९ च्या ऑक्टोबरमध्ये बंद केली. काही स्वयंसेवकांनी जमतील तेवढी पाने उतरवून घेतली. ज्यांनी प्रत ठेवली नव्हती अशा पुष्कळांची पाने गेली ती गेलीच. दुसरे उदाहरण फ्लॅशचे. हलती चित्रे, खेळ आणि धडे तयार करण्याचे हे मोठे नावाजलेले साधन. अॅडोबी कंपनीने २०२० च्या ३१ डिसेंबरला त्याचा आधार काढून घेतला आणि पुढच्याच महिन्यात ब्राउझरमध्ये फ्लॅशची कामे चालेनाशी झाली. कितीतरी शिक्षकांनी मेहनतीने केलेले धडे एकाएकी मुके झाले. शिकवण्यात त्यांचे काही चुकले नव्हते. त्यांचे काम मात्र अशा डब्यात होते, की ज्याची किल्ली दुसऱ्याकडे होती.

याच्या उलट बाजू पाहा. साध्या अक्षरांत लिहिण्याची साधनेही बंद पडतातच. अॅटम नावाचा एक चांगला, फुकट एडिटर होता. २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्याचे काम थांबवण्यात आले. पण अॅटम वापरून लिहिलेले एकही पान त्यामुळे बुडाले नाही. त्या फाइली साध्या अक्षरांच्या होत्या. लोकांनी त्या दुसऱ्या एडिटरमध्ये उघडल्या आणि काम पुढे चालू ठेवले. सर्नने १९९३ साली वेबची मूळ सामग्री सर्वांना मुक्तपणे वापरण्यास दिली, आणि २०१३ साली आपल्या पहिल्या वेबस्थळाची १९९२ ची प्रत मूळ पत्त्यावर पुन्हा ठेवली. तीस वर्षांहून जुनी ती पाने आजच्या मोबाईलवरही सरळ वाचता येतात. लेखणी बदलली म्हणून वही फाटत नाही, तसेच हे आहे.

या पाचही प्रश्नांना उतरणारे साधन म्हणजे साधा अक्षरलेखक आणि त्याच्या जोडीला कोणताही चालू ब्राउझर. शिकण्याच्या आरंभाला एवढी दोन हत्यारे पुरेशी आहेत. पहिले दोन-तीन महिने मुलांना नोटपॅडच द्या. शेवटची खूण विसरली की काय होते, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या.

त्यानंतर एक पायरी वर चढावे. विंडोजवर नोटपॅड प्लस प्लस आहे. विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालणारा गीनी आहे. दोन्ही फुकट, दोन्ही हलके. जुन्या कॉम्प्युटरवरही चालतात. त्यांत ओळींना क्रमांक असतात आणि खुणा वेगळ्या रंगात दिसतात, म्हणून चूक लवकर सापडते. यांनाही जोडाक्षरांची ती परीक्षा आधी घ्यावी. त्याहून मोठे म्हणजे मायक्रोसॉफ्टचे व्हिज्युअल स्टुडिओ कोड. २०१५ साली ते निघाले आणि फुकट मिळते. पण त्याला बरा कॉम्प्युटर लागतो, आणि ते पुष्कळ गोष्टी आपण होऊन सुचवते. खुणा पाठ झालेल्या मुलाला ती मदत होते. न झालेल्या मुलाला ती पांगुळगाड्यासारखी होऊन बसते. म्हणून ते तिसऱ्या पायरीवर ठेवावे. लिहून देणाऱ्या यंत्रालाही मज्जाव करू नये, पण एक नियम घालावा: यंत्राने लिहिलेल्या प्रत्येक ओळीचा अर्थ जो वर्गापुढे सांगू शकेल, त्यानेच ती आपल्या पानात घ्यावी.

आता वर्गातली व्यवस्था. समजा, गावातील सार्वजनिक विहिरीची पाणीपातळी दर महिन्याला मोजून तिचे पान करावयाचे आहे. आधी मुलांनी पान कागदावर लिहावे. मथळा, दोन वाक्यांची माहिती, आणि महिना व पातळी असे दोन रकाने असलेला तक्ता. मजकुराच्या आजूबाजूला खुणा लाल पेन्सिलीने घालाव्यात. हे कागदी काम सगळा वर्ग एकाच वेळी करू शकतो. त्याला कॉम्प्युटर लागत नाही. मग चार-चार मुलांचा गट कॉम्प्युटरवर बसवावा. एकाने सांगावे, दुसऱ्याने लिहावे, तिसऱ्याने प्रत्येक खूण मिटली की नाही ते कागदावर टिचकी करून पाहावे, आणि चौथ्याने ब्राउझरमध्ये पान पाहून काय दिसते ते बोलून दाखवावे. पुढच्या तासाला कामे बदलावीत. शाई आणि हात, दोन्ही चारचौघांत फिरले पाहिजेत.

या वाटेवर चार खड्डे हमखास लागतात. ते आधीच सांगून ठेवतो. एक, नोटपॅड फाइलीच्या नावापुढे पुष्कळदा आपले 'टीएक्सटी' हे शेपूट जोडते, आणि पान उघडण्याऐवजी नुसती अक्षरे दिसतात. साठवताना फाइलीचा प्रकार 'ऑल फाइल्स' निवडावा आणि नावाच्या शेवटी टिंब देऊन 'एचटीएमएल' स्वतः लिहावे. दोन, फाइलींची नावे छोट्या इंग्रजी लिपीत, मध्ये जागा न सोडता द्यावीत. विंडोज मोठे-छोटे अक्षर एकच मानते, पण पान ज्या कॉम्प्युटरवर पुढे ठेवले जाईल तो बहुधा तसे मानीत नाही. घरी दिसणारे चित्र मग तिथे दिसत नाही. तीन, मोबाईलने काढलेले छायाचित्र तसेच्या तसे घालू नये. युनिकोडमधले एक मराठी अक्षरचिन्ह तीन बाइट जागा घेते. म्हणजे तीन हजार चिन्हांचे भरगच्च पानसुद्धा नऊ हजार बाइटांच्या आसपास राहते. तीन एमबीचे एक छायाचित्र अशा तीनशेहून अधिक पानांइतके जड. ज्याचा डेटा संपत आला आहे अशा शेतकऱ्याने ते का उतरवावे? छायाचित्र आधी लहान करून घ्यावे. चार, ब्राउझर फार सोशिक असतो. खूण मिटली नाही तरी तो तक्रार करीत नाही. अंदाजाने काहीतरी दाखवतो. म्हणून 'दिसते आहे ना, मग बरोबर' असे मुलांना म्हणू देऊ नये. वेबचे नियम ठरवण्याचे काम करणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची पान तपासून देणारी सेवा इंटरनेटवर फुकट आहे. रेंज असेल त्या दिवशी तिच्यातून पान तपासून घ्यावे.

ब्राउझरचाही एक गुण मुलांना दाखवा. कॉम्प्युटरवर कोणतेही पान उघडून कंट्रोल आणि यू या कळा एकदम दाबल्या की त्या पानाच्या मागच्या सगळ्या खुणा दिसतात. मोठमोठ्या पानांचा मजकूर पाहून मुले प्रथम बिचकतील. पण त्यांत आपल्याला ठाऊक असलेला परिच्छेद, दुवा आणि मथळा त्यांना ओळखू येऊ लागला, की त्यांची भीती जाते. जगातील पाने त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तक होतात.

पाने सर्वांसाठी इंटरनेटवर ठेवण्याची घाई मात्र नको. ती वेळ येईल तेव्हा मुलांची पूर्ण नावे, छायाचित्रे आणि कोणाचे दूरध्वनी क्रमांक पानावर जाणार नाहीत, हे शिक्षकांनी जातीने पाहावे. पानाची एक प्रत शाळेच्या पेनड्राइव्हवर नेहमी असावी.

दोन-तीन महिन्यांनंतर परीक्षा कशी घ्यावी, असे कोणी विचारील. सोपी रीत सांगतो. मुलाचे पान ब्राउझरमध्ये दाखवू नका, नोटपॅडात उघडा आणि म्हणा, "हे मला वाचून दाखव." प्रत्येक खूण का लिहिली आणि ती काढली तर काय होईल, हे जर त्याने सांगितले, तर पान दिसायला कितीही साधे असो, ते मूल शिकले आहे. आणि यासाठी नवे काही विकत आणावयाचे नाही. शाळेत जो कॉम्प्युटर आहे त्यात ही दोन्ही हत्यारे बहुधा आधीपासूनच आहेत. येत्या तासाला ती उघडा, आणि मुलांकडून पहिला मथळा लिहून घ्या.